स्टिअरिंग हाती देण्यापूर्वी

रेल्वेत इंजिन कोणाच्याही हाती दिले जात नाही. सहायक लोको पायलटची भरतीपूर्वी मानसशास्त्रीय चाचणी होते, डोळे ए-वन वर्गाचे लागतात. पुढे ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी, रिफ्रेशर कोर्स, नव्या सेक्शनवर जाण्याआधी रोड लर्निंग आणि ड्यूटीवर येताना श्वासाची तपासणी. टपाल खात्याच्या मेल मोटार सर्व्हिसमध्येही हलक्या व जड वाहनाचे लायसन, तीन वर्षांचा अनुभव आणि यंत्राची माहिती पाहूनच ड्रायव्हर घेण्याचा नियम आहे.

पण हेच टपाल कंत्राटी गाडीत चढले किंवा गँग भाड्याच्या जीपने कामावर निघाली, की सगळी चौकशी कंत्राटदारावर सोपवली जाते. गाडीचे मॉडेल आणि किलोमीटरचा दर बारकाईने पाहिला जातो. ड्रायव्हर कोण, हे बहुतेक वेळा गाडी दारात आल्यावरच कळते. त्या गाडीत आपलीच माणसे बसतात.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५ प्रमाणे लायसन नसलेल्याला गाडी चालवू देणारा मालकही दोषी ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८० खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला, की हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतुकीच्या गाडीसाठी वेगळी नोंद लागत नाही. त्यावरच्या गाडीला मात्र त्या वर्गाचेच लायसन हवे.

२००३ मध्ये याच न्यायालयाने म्हटले होते, की मालकाने लायसन पाहावे आणि गाडी चालवून घ्यावी. वरकरणी खरे दिसणारे लायसन खोटे आहे का, हे शोधत बसण्याची अपेक्षा त्याच्याकडून नाही. तेव्हा त्यासाठी आर.टी.ओ.च्या खेपा घालाव्या लागत. आज परिवहन खात्याच्या पोर्टलवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली, की मुदत आणि वाहनाचा वर्ग दोन मिनिटांत दिसतो. आता सबब उरलेली नाही.

तरी नुसते लायसन पुरत नाही. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला बेस्टसाठी भाड्याने घेतलेली विजेवरची बस गर्दीत घुसली आणि किमान सात माणसे गेली. ड्रायव्हर कंत्राटी होता. अनुभव होता, पण लहान बसचा. ही मोठी बस हाती येऊन थोडेच दिवस झाले होते, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. दोष कोणाचा, ते न्यायालय ठरवील. पण लगेच अटक झाली ती ड्रायव्हरला. त्याला पुरेसे शिकवल्याशिवाय रस्त्यावर कोणी पाठवले, हा प्रश्न मागे पडला.

आणि तासांचे काय? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा घालून दिला. पुढे कायद्यांच्या जागी संहिता आल्या. पण डोळ्यांवरची झोप काही बदलली नाही. रात्रभर माल वाहून आलेला माणूस सकाळी टपालाच्या गाडीवर बसला, तर त्याचे अस्सल लायसन काय कामाचे?

म्हणून प्रत्येक शाखेने प्रशासनाकडे पुढील मागण्या लेखी द्याव्यात. एक, कंत्राटी गाडीच्या प्रत्येक ड्रायव्हरचे लायसन, वर्ग, मुदत आणि अनुभव मुख्य मालकाने स्वतः तपासून रजिस्टरमध्ये नोंदवावा. बदली ड्रायव्हरलाही सूट नको. दोन, त्या जातीच्या गाडीवर प्रत्यक्ष चालवून घेतल्याशिवाय काम देऊ नये. तीन, आदल्या पाळीचे तास आणि विश्रांती त्याच रजिस्टरमध्ये यावी. चार, जुने चलन वा अपघात दाखवून कोणाला काढायचे असेल, तर ती नोंद आधी त्याला दाखवावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे. तपासणी सुरक्षेसाठी आहे, सूड उगवण्यासाठी नाही.

कंत्राटी ड्रायव्हर आपला शत्रू नाही. बारा-चौदा तास चाकामागे बसणारा तोही कामगारच आहे. रजिस्टर नीट राहिले तर आपला जीव वाचेल आणि अपघातानंतर सगळा दोष त्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. शाखेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि आपल्या ऑफिसच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांपासूनच सुरुवात करा.