हजेरीपटाबाहेरचे बेकार

परराष्ट्राने जकात वाढविली, मालाची मागणी आटली आणि कारखान्याची चाके थांबली, तर त्यामुळे बेकार झालेल्यास साहाय्य द्यावे, हे तत्त्व आज सहसा कोणी नाकारीत नाही. वाद उरतो तो बेकार कोणास म्हणावे याविषयी. यंत्रापाशी उभा असलेला इसम बेकार झाला हे सर्वांस मान्य असते. परंतु त्याच कारखान्याचा माल गाडीत चढविणारा हमाल, तेथील भटारखान्यात भाकऱ्या थापणारी बाई आणि फाटकावरचा पहारेकरी यांचा रोजगार त्याच कारणाने आणि त्याच दिवशी बुडाला असताही, त्यांच्या हातून कोणतीच वस्तू निर्माण झाली नाही एवढ्यावरून त्यांस अपात्र ठरवावे, हा न्याय विपरीत आहे.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. शहरवासीयांस तेथील दाभोसा गाव ठाऊक असते ते धबधब्यापुरते. पण भातकापणी आटोपून दिवाळी सरली की या तालुक्यांतील वारली, कोकणा, कातकरी कुटुंबे बिऱ्हाड उचलून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, आणि ज्यांस चार इयत्तांचा आधार आहे ते गोदामांत व औद्योगिक वसाहतींत कंत्राटदाराच्या हाताखाली पडेल ते काम पत्करतात. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरील वाढीव जकात 50 टक्क्यांवर नेली, तेव्हा कापड, हिरे आणि कोळंबी यांच्या निर्यातदारांची चिंता सर्वत्र व्यक्त झाली. त्यांच्या आवारात झाडलोट आणि हमाली करणाऱ्यांचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच आला.

हा भेद केवळ आपल्याकडचा नव्हे. व्यापारामुळे नोकरी गमावलेल्यांस भत्ता व नवे शिक्षण देण्याची योजना अमेरिकेने 1962 मध्ये सुरू केली. परंतु तिचा लाभ वस्तू निर्माण करणाऱ्यांपुरता राहिला, आणि संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांस तर आपले लेखन ही ‘वस्तू’ आहे हे पटविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. सेवाक्षेत्रातील कामगारांस कायद्याने तेथे प्रवेश मिळाला तो 2009 मध्ये. आणि 1 जुलै 2022 पासून नवे अर्ज मंजूर करण्याचा अधिकारच संपुष्टात आल्याने त्या योजनेचे दारच मिटले.

आमच्याकडे व्यापारजन्य बेकारीसाठी असा स्वतंत्र कायदाच नाही. 1953 च्या दुरुस्तीने औद्योगिक कलह कायद्यात ‘ले-ऑफ’च्या काळात निम्म्या वेतनाची भरपाई आली, पण ती कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती. मुंबईच्या कारखान्यातील संपामुळे टायरांचा पुरवठा खुंटला आणि फायरस्टोन कंपनीच्या दिल्ली येथील वितरण-कार्यालयातील कामगारांस घरी बसविण्यात आले, तेव्हा ते कार्यालय कारखाना नसल्याने भरपाईचे हे प्रकरण त्यांस लागू होत नाही, असेच सर्वोच्च न्यायालयास 1976 मध्ये म्हणावे लागले. दिलासा मिळाला तो अन्य मार्गाने. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही या भरपाईचे कुंपण हलविलेले नाही.

सेवेच्या कामाची नोंद नसते, म्हणून खरा बेकार ओळखता येत नाही, हा खजिन्याच्या रखवालदारांचा नेहमीचा आक्षेप. त्यात तथ्य आहे; पण त्याचे उत्तर याच महाराष्ट्राने पूर्वी देऊन ठेविले आहे. ज्याचा मालक दररोज बदलतो त्या माथाडीची नोंद ठेवावी, मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही वसूल करावी आणि तीतून त्याच्या भविष्याची तरतूद करावी, ही व्यवस्था 1969 च्या कायद्याने सिद्ध केली. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमीस 1977 मध्ये कायद्याचे रूप आले, आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. त्या हमीने मजुरास ‘तू कोणती वस्तू घडवितोस’ असे विचारले नाही, काम हवे आहे काय एवढेच विचारले.

तेव्हा निर्यातीच्या धंद्यावर अल्पशी लेव्ही बसवून राज्याने साहाय्यनिधी उभारावा. कंत्राटी माणसांची नावनिशी ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदारावर न सोडता मूळ मालकावर टाकावी. आणि त्या आवारात ठराविक काळ काम केल्याची नोंद हीच पात्रतेची कसोटी मानावी. आणखी एक गोष्ट आवश्यक आहे: कामावरून सुटलेला मजूर भाड्याच्या खोलीत वाट पाहत राहत नाही, तो गावी परततो, म्हणून त्याचा अर्ज जव्हारच्या कचेरीतही स्वीकारला गेला पाहिजे. बोईसरला वा भिवंडीला खेटे घालावयास लावणारे साहाय्य दाभोसाच्या मजुरास, त्या प्रवासाचे भाडेच त्याच्यापाशी नसल्याने, न दिल्यासारखेच होईल.