दगड नको, लेखणी उचला!

खर्डा हे नाव उच्चारले की मराठी माणसाला लढाई आठवते. ११ मार्च १७९५ रोजी सवाई माधवरावांच्या नावाने, नाना फडणीसांच्या मुत्सद्देगिरीने आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा येथे निजामाविरुद्ध उभ्या राहिल्या. शिंदे, होळकर, भोसले एका निशाणाखाली आले. निजामाला खर्ड्याच्या भुईकोटात आश्रय घ्यावा लागला आणि अखेर तह करावा लागला. जामखेड तालुक्यातील या गावात तो किल्ला आजही उभा आहे. गावातली मुले थोरल्यांकडून त्या लढाईची गोष्ट ऐकतात. त्या गोष्टीत तोफा आहेत, तलवारी आहेत, रक्तही आहे; पण ती ऐकून मूल क्रूर झाले, असे कोणी म्हणणार नाही.

मध्यंतरी एका घरगुती कार्यानिमित्त या गावी मुक्काम झाला. संध्याकाळी पाने मांडली होती आणि समोर दूरचित्रवाणी संच सुरू होता. वृत्तवाहिनीवर गुन्हेगारीचा कार्यक्रम लागला होता. कुठल्याशा शहरात झालेल्या खुनाचे नाट्यरूपांतर, काळजाचा ठोका चुकवणारे पार्श्वसंगीत आणि तोच प्रसंग पुन्हा पुन्हा. दुसरीत शिकणाऱ्या नातवाने अगदी सहज विचारले, “आजोबा, गळा दाबला की माणूस किती वेळात मरतो?” आजोबांचा घास हातातच राहिला. निवृत्त शिक्षक असलेल्या त्या गृहस्थांनी संच बंद केला आणि खिन्नपणे म्हणाले, “आपण काय करणार? हे कार्यक्रम मुंबई-दिल्लीत बनतात. खर्ड्यातल्या म्हाताऱ्याचे कोण ऐकतो?”

प्रश्न आहे तो या हतबलतेचा. घराघरांत चडफड आहे, पण ती दिवाणखान्याबाहेर पडत नाही. आणि कधी पडलीच, तर भलत्या वाटेने पडते.

आधी आपला आक्षेप नेमका कशाला आहे, हे स्वतःशी स्पष्ट करावे लागेल. पडद्यावर हिंसा दिसूच नये, असे आपले म्हणणे असू शकत नाही. १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि १९८८ मध्ये ‘महाभारत’ दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्या दोन्ही कथांत घनघोर युद्ध आहे. पण तेथे हिंसेला कारण आहे, तिची किंमत आहे आणि शेवटी शोकही आहे. आजच्या अनेक कार्यक्रमांत यापैकी काहीच नसते. मारणाऱ्याचे कौशल्य खुलवून दाखवायचे, मरणाऱ्याच्या वेदनेचा बाजार मांडायचा आणि हे सारे मुले जेवायला बसण्याच्या वेळी करायचे, याला आक्षेप आहे.

येथे प्रामाणिकपणाही हवा. समाजातील प्रत्येक क्रौर्याचे खापर छोट्या पडद्यावर फोडणे सोपे आहे, पण ते खरे नाही. याच खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्याची निर्घृण हत्या झाली. ते विष कोणत्याही मालिकेने पेरलेले नव्हते. ते आपल्याच समाजात मुरलेले होते आणि त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. संशोधकांतही पडद्याच्या परिणामाच्या प्रमाणाबाबत मतभेद आहेत. तरीही मूल पाहिलेले करून बघते, हे नाकारता येत नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी दाखवून दिले की, मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेली मुले स्वतःही तसेच करतात. आपल्याकडे ‘शक्तिमान’ मालिकेच्या काळात मुलांनी जिवावरचे प्रयोग केल्याच्या बातम्या आल्या आणि मालिकेत मुलांना समज द्यावी लागली. ऑगस्ट २००४ मध्ये कोलकात्यात एका गुन्हेगाराला फाशी झाली. वाहिन्यांनी त्या फाशीचा तपशील दिवसरात्र चघळला. त्यानंतर खेळता खेळता फाशीची नक्कल करून काही मुलांनी जीव गमावला. एवढा धडा पुरेसा नाही काय?

मग निषेध करायचा कसा? प्रथम कसा करू नये, ते सांगतो. २० नोव्हेंबर २००९ रोजी एका मराठी वृत्तवाहिनीच्या मुंबई व पुण्यातील कार्यालयांवर राजकीय कार्यकर्त्यांनी हल्ला केला. कारण वेगळे होते, पण परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. वाहिनीने काय दाखवले हा विषय त्याच क्षणी संपला आणि दिवसभर फुटलेल्या काचाच दिसत राहिल्या. हिंसक कार्यक्रमाचा निषेध हिंसेने करणारा माणूस त्या कार्यक्रमाचा पुढचा भाग स्वतःच रंगवीत असतो. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी. दगड मारायला एक मिनिट लागते, तक्रार तडीस न्यायला चार महिने लागतात. संघटनेची खरी कसोटी त्या चार महिन्यांत असते.

अशी चिकाटी फळाला येते, याचे दाखले आहेत. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी केवळ प्रौढांसाठी असलेले चित्रपट घरोघरी सर्रास दाखवले जातात, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यांच्या हाती ना सत्ता होती, ना जमाव. न्यायालयाने आदेश दिला की, सर्वांनी पाहण्याजोगे किंवा पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोगे प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट केबलवरून दाखवावेत. ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांनी कारवाई केली, तेव्हा काही दिवस मुंबईतील चित्रपट वाहिन्याच बंद पडल्या. पुढे वाहिन्यांना काटछाट करून नवी प्रमाणपत्रे घ्यावी लागली. २६/११ च्या हल्ल्याचे थेट प्रक्षेपण दहशतवाद्यांच्या सूत्रधारांच्या कामी आले, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात कठोर शब्दांत सुनावले. मार्च २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई करणारा नियम झाला. कॅनडात १९९२ मध्ये व्हर्जिनी लारिव्हिएर या १३ वर्षांच्या मुलीने धाकट्या बहिणीच्या हत्येनंतर पडद्यावरील हिंसेविरुद्ध सुमारे १३ लाख सह्या गोळा करून थेट पंतप्रधानांच्या हाती दिल्या. पुढच्याच वर्षी तेथील खासगी वाहिन्यांनी हिंसेविषयीची आचारसंहिता मान्य केली. रात्री नऊपूर्वी प्रौढांसाठीची हिंसक दृश्ये दाखवायची नाहीत, हे त्यातील एक बंधन. ते एका शाळकरी मुलीच्या सह्यांच्या मोहिमेतून पुढे आले.

आपल्याकडे कायदा नाही, असा एक गैरसमज आहे. केबल दूरचित्रवाणी कायदा १९९५ पासून आहे. हिंसेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये आणि मुले मोठ्या संख्येने पाहत असतील त्या वेळी त्यांना अयोग्य असे काही दाखवू नये, हे त्याच्या नियमावलीत स्पष्ट आहे. जून २०२१ मधील दुरुस्तीने तक्रारीची तीन पायऱ्यांची वाट घालून दिली. पहिली पायरी म्हणजे वाहिनीचा तक्रार अधिकारी. त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झाले नाही, तर पुढील १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे अपील करता येते. त्या संस्थेला ६० दिवसांची मुदत आहे. त्यानंतर केंद्र सरकारचे दार आहे. केबलचालकाच्या स्थानिक वाहिनीविषयी तक्रार असेल, तर जिल्हाधिकारी आणि प्रांताधिकारी हे कायद्यानेच प्राधिकृत अधिकारी आहेत. खर्ड्याच्या माणसाला दिल्ली दूर वाटत असली, तरी तहसीलचा रस्ता त्याला ठाऊक असतो.

मात्र तक्रार तक्रारीसारखी असावी. ‘हल्ली टीव्हीवर फार हिंसा असते’ या वाक्यावर कोणीही काही करू शकत नाही. वाहिनीचे नाव, कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ, नेमके दृश्य, ते मुलांसाठी अयोग्य का आणि आपली मागणी काय, एवढे एका पानात मावते. मागणीही मोजकी असावी : वेळ बदला, दृश्य गाळा किंवा पूर्वसूचना द्या. त्याच आठवड्यात लिहावे, प्रत जपून ठेवावी. एकाच मजकुराच्या शंभर छापील पत्रांपेक्षा दहा घरांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली दहा पत्रे अधिक वजनदार ठरतात. चांगल्या कार्यक्रमाबद्दल कौतुकाचे पत्रही लिहावे. केवळ ओरडणाऱ्याचे म्हणणे लवकर ओरड ठरते.

‘आम्ही संच बंद केला, झाला निषेध,’ असे अनेक जण समाधानाने सांगतात. मुलांसाठी ते योग्यच आहे, पण वाहिनीला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या आकड्यांवर जाहिरातींचे भाव ठरतात, ते देशातील काही हजार निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांतून येतात. आपल्या घरी ते यंत्र नसेल, तर आपला बहिष्कार कुठेच नोंदला जात नाही. म्हणून बहिष्काराला शब्द द्यावे लागतात. २०१९ पासून वाहिन्या निवडून घेण्याची सोय आहे. नको ती वाहिनी वगळावी आणि का वगळली, ते तिला कळवावे. जाहिरातदारालाही लिहावे. ऑक्टोबर २०२० मध्ये बजाज आणि पारले या महाराष्ट्रातील दोन उद्योगांनी विखारी आशयाच्या वृत्तवाहिन्यांना जाहिरात न देण्याची भूमिका जाहीर केली होती. ग्राहकाच्या नाराजीचा अंदाज उद्योगांना नक्की येतो.

आणि शेवटी आपले घर. जेवणाच्या वेळी संच बंद ठेवण्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही. भ्रमणध्वनीवरील मालिकांना तर वेळेचे बंधनच नाही. तेथे वयाच्या खुणा आणि पालकांसाठीचे कुलूप आहे, ते लावण्याचे कष्ट आपणच घ्यायचे. सून-मुलाने बंद करायचे आणि आजी-आजोबांनी ‘राहू दे, थोडेच उरले आहे’ म्हणायचे, असे चालणार नाही.

खर्ड्याच्या त्या मुक्कामात रात्री आजोबांनी जुने लेटरहेड काढले आणि सुवाच्य अक्षरात एक पान लिहिले. वाहिनी, तारीख, वेळ, दृश्य. शेवटी त्यांनी नातवाचा प्रश्न जसाच्या तसा उतरवला आणि खाली एकच ओळ जोडली : “या प्रश्नाचे उत्तर मी त्याला काय द्यावे, ते कृपया कळवावे.” सकाळी शेजारच्या तीन घरांनीही आपापली पत्रे लिहिली. त्यांचे पुढे काय होईल, ते होवो. पण ‘आपले कोण ऐकतो’ म्हणणारा तो माणूस त्या सकाळी टपाल कार्यालयाकडे जाताना ताठ मानेने चालत होता. वाचकहो, आपल्या घरातील असा प्रश्न कागदावर केव्हा उतरणार?