निर्बंध पाळले, तरी बदनामी का?

साथीचा रोग जात-धर्म विचारून येत नाही. परंतु मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजचे प्रकरण बाहेर आले आणि प्रसारमाध्यमांच्या एका गटाने कोरोनाला धर्म चिकटवला. मुस्लिम समाज निर्बंध पाळतच नाही, असा गवगवा झाला.

वस्तुस्थिती काय होती? हर्सूल असो की शहागंज, मशिदींतून अजान होत राहिली. सामूहिक नमाज मात्र थांबली. २५ एप्रिलला सुरू झालेला रमजान, त्यातील तरावीहसह, लोकांनी घरात पाळला. २५ मे रोजी ईदगाहवर ईदची नमाज झाली नाही. त्याच्या आधी १४ एप्रिलला आपणही मिरवणूक न काढता घरातच वंदना घेतली होती. दोन्ही समाजांनी आपला मोठा दिवस उंबरठ्याच्या आत साजरा केला. मग संशय एकावरच का?

याचे उत्तर याच शहरातील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी दिले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात तबलिगी जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्यांवर दाखल झालेले गुन्हे न्या. नलावडे व न्या. सेवलीकर यांनी रद्द केले. संकटकाळात सरकार बळीचा बकरा शोधते आणि या परदेशी पाहुण्यांना तसे निवडले गेल्याची शक्यता दिसते, असे निकालपत्रात नमूद आहे. न्या. सेवलीकर काही निरीक्षणांशी सहमत नव्हते. परंतु गुन्हे रद्द करण्याबाबत दुमत नव्हते.

कोणी निर्बंध मोडले असतील तर त्या व्यक्तीवर जरूर कारवाई व्हावी. गुन्हा व्यक्ती करते, समाज नव्हे. संविधानाच्या कलम १४ चा अर्थ तोच आहे. तरीही तेव्हा शासनाच्या दैनंदिन माहितीत जमातीशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जात होता. देशात अनेक ठिकाणी मुस्लिम भाजीविक्रेत्यांना नाव विचारून गल्लीत मज्जाव झाला.

नाव विचारून दूर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. विटाळाच्या नावाखाली हेच आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आले होते. आता विटाळाच्या जागी विषाणू आला, एवढेच.

निकालाने गुन्हे रद्द झाले; मनातला संशय रद्द झाला नाही. म्हणून हे निकालपत्र विहारात आणि मोहल्ल्यात वाचले गेले पाहिजे. पुढची साथ येईल तेव्हा रुग्णांच्या आकडेवारीत धर्माचा रकाना असता कामा नये, ही मागणी आपण आजच लावून धरली पाहिजे.