पाण्यांतलें पाणिग्रहण

अकोल्यास जठारपेठेंत एखादी जुनी विहीर असेल, तर तिचें पाणी पेल्यांत घेऊन वाचकांनीं उजेडासमोर धरावें. झटके देत पळणारा पांढुरका ठिपका दिसला, तर तो बहुधा सायक्लॉप्स होय. नारूचा जंतु माणसाच्या पोटांत जाई तो याच्याच मार्फत. पाणी गाळून पिण्याचें मोठें कारण तें. नारू भारतांतून गेला, २००० सालीं तसा दाखलाहि मिळाला. सायक्लॉप्स मात्र आहे तेथेंच आहे.

मिलीमीटरभर लांबीच्या या जीवास एवढ्या पाण्यांत जोडीदार गांठला तरी धरून ठेवणें कठीण. म्हणून नराच्या दोन्ही स्पर्शिका बिजागरीसारख्या दुमडतात. तळ्यांतला त्याचा भाऊबंद डायाप्टोमस, त्याची एकटी उजवीच दुमडते. पण आम्हांस खरी मौज वाटते ती याच्या पांचव्या पायांची. उजव्याच्या टोंकास लांब आंकडा असतो, त्यानें नर मादीस धरतो. डाव्यानें शुक्राणूंची कुपी तिच्या अंगास चिकटवितो. पाणिग्रहण येथेंहि उजव्यानेंच!

हें घडलें कसें? पुढच्या चार जोड्या पोहण्याच्या. त्यांत फार बदल होता तर जीवच बुडता. पांचवीवर तो भार नव्हता. तिच्यांत पडलेला फरक खपला, आणि ज्याची पकड घट्ट त्याची प्रजा वाढली. समुद्रांतील अशाच एका नराची पकडणारी स्पर्शिका डार्विननें १८७१ सालच्या ग्रंथांत नमूद केली आहे. आज डायाप्टोमसची जात ठरवितांना शास्त्रज्ञ प्रथम नराचा पांचवा पाय पाहतात. नुसती मादी हातीं लागली, तर काम बरेंच अडतें.