तारीख नसलेला रिलीज एजंट घेऊ नका, विकूही नका

साचा ही गोष्ट नगरच्या कारागिराला नवी नाही. विजापूरच्या बुरुजावर असलेली 'मलिक-ए-मैदान' ही अवाढव्य तोफ १५४९ साली अहमदनगरमध्येच ओतली गेली आणि ती ओतणारा उस्ताद होता निजामशाहीच्या चाकरीतील महंमद बिन हसन रूमी. तोफ ओतण्याचे काम वेगळे आणि आजचे फायबरचे काम वेगळे. परंतु एक गोष्ट दोन्हींकडे सारखीच आहे. साचा बिघडला की माल बिघडलाच.

फायबरच्या टाक्या, दरवाजे, कुलरची बॉडी, गाड्यांचे भाग, मशिदींचे घुमट आणि मिनार बनविणारे आपले अनेक बांधव पत्र्याच्या लहान शेडमध्ये काम करतात. त्यांची खरी दौलत म्हणजे त्यांचे मोल्ड. एक चांगला मोल्ड बनवायला आठवडे जातात आणि त्यावर शेकडो नग निघतात. मोल्ड आणि रेझिन यांच्यामध्ये जो पातळसा थर असतो तोच रिलीज एजंट. पूर्ण कामाच्या खर्चात त्याचा वाटा नगण्य असतो. पण तो नासका निघाला तर नग मोल्डला चिकटतो, पाचर ठोकून काढावा लागतो, जेलकोट उखडतो आणि कधी मोल्डच भंगारात जातो. सर्वांत स्वस्त वस्तूने सर्वांत महागड्या वस्तूचे नुकसान करावे असा हा प्रकार आहे. म्हणून रेझिनचा भाव दहा दुकानांत विचारणाऱ्याने रिलीज एजंटच्या डब्यावरची तारीखही एकदा वाचावी, असे आमचे म्हणणे आहे.

आधी 'मुदत' म्हणजे काय ते समजून घेऊ. डब्यावर लिहिलेली मुदत आपण तो विकत घेतला त्या दिवसापासून मोजायची नसते. ती माल तयार झाल्याच्या तारखेपासून असते. ती सीलबंद डब्यासाठी असते. आणि ती ठरावीक तापमानासाठी, बहुधा २५ अंशांच्या आसपास, धरलेली असते. आता नगरचा एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. बाहेर पारा ४० अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, असा एक ढोबळ आडाखा आहे. म्हणजे कागदावर एक वर्षाची मुदत असलेला माल आपल्या पत्र्याखाली एक वर्ष टिकेलच असे समजणे ही स्वतःची फसवणूक आहे.

प्रत्येक प्रकाराचे दुखणेही वेगळे आहे.

मेणाचा (वॅक्सचा) डबा सर्वांत सोशिक. झाकण घट्ट असेल तर तो दीर्घकाळ टिकतो. परंतु झाकण उघडे राहिले की त्यातील सॉल्व्हंट उडून जातो, मेण कडक होते, त्याला तडे जातात आणि ते मोल्डवर एकसारखे पसरत नाही. त्याहून वाईट म्हणजे उघड्या डब्यात शेडची धूळ आणि ग्राइंडिंगची पूड पडते. तेच मेण फडक्याने घासले की मोल्डची चकाकी ओरखड्यांनी जाते.

पीव्हीए पाणी आणि स्पिरिट यांत विरघळवलेले असते. डबा सैल राहिला की स्पिरिट उडते आणि द्रव घट्ट होतो. मग तो गनमधून नीट फवारला जात नाही, तारा सुटतात, पापुद्रा कोठे जाड तर कोठे विरळ बसतो. पावसाळ्यात हा पापुद्रा वाळायला वेळ लागतो. तो ओलसर असतानाच जेलकोट मारला तर ओलाव्यामुळे पॉलिएस्टर नीट पक्के होत नाही आणि दोष मात्र रेझिनवाल्याच्या माथी मारला जातो.

तिसरा प्रकार सेमी-परमनंट. एकदा लावला की त्यावर अनेक नग निघतात, म्हणून आता लहान कारखान्यांतही तो येऊ लागला आहे. यातील पुष्कळसे एजंट हवेतील ओलावा घेऊन पक्के होतात. तेच त्यांचे काम आणि तेच त्यांचे मरण. डबा उघडला की ओलावा आत शिरतो आणि जी क्रिया मोल्डवर व्हायची ती डब्यातच सुरू होते. द्रव गढूळ झाला, त्यात कण दिसले किंवा तळाशी जेलीसारखे साचले तर तो डबा टाकून द्यावा. गाळून वापरण्याचा मोह करू नये.

इथे आपल्या जिल्ह्याचे हवामानही लक्षात घ्यावे लागते. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-भंडारदऱ्याकडे धो धो पाऊस, तर पूर्वेकडचे बहुतेक तालुके कोरडे. कोरड्या उन्हाळ्यात ओलाव्यावर पक्का होणारा एजंट मोल्डवर सावकाश पक्का होतो, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. पावसाळ्यात मात्र तोच डबा उघडा राहिला तर लवकर नासतो. एकच माल, एकच कारागीर, पण वागणूक ऋतूप्रमाणे बदलते.

पाण्यात कालवलेले एजंट आगीच्या दृष्टीने बरे, पण तेही अमर नाहीत. ते थरांत फुटतात, कधी त्यांत जंतू होऊन वास येतो. हळुवार ढवळून एकजीव झाले तर ठीक, नाही झाले तर वापरू नयेत.

मग साठवायचे कसे? यासाठी वातानुकूलित खोली लागत नाही. शेडऐवजी विटांच्या भिंतीची, ऊन न येणारी, हवा खेळती असलेली खोली निवडावी. डबे जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावेत. आधी आलेला माल आधी वापरावा. डबा उघडला त्या दिवसाची तारीख मार्करने त्यावर लिहावी, कारण खरी मुदत त्या दिवसापासून झपाट्याने कमी होऊ लागते. दिवसाला लागेल तेवढेच लहान भांड्यात काढून घ्यावे, फडके मूळ डब्यात बुडवू नये आणि उरलेले परत मूळ डब्यात ओतू नये. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच भरू नये. सॉल्व्हंटने बाटली मऊ पडू शकते आणि कोणी पोर पाणी समजून तोंडाला लावील.

आगीचे भान हवेच. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. या खोलीत बिडी नको, वेल्डिंग नको. हार्डनर म्हणून वापरले जाणारे एमईकेपी या डब्यांपासून आणि कोबाल्टपासूनही वेगळे, थंड जागी ठेवावे. एमईकेपी आणि कोबाल्ट थेट एकत्र आले तर स्फोट होतो. २३ अंशांखाली पेट घेणारी वाफ ज्यांतून निघते अशी पेट्रोलियमयुक्त द्रव्ये १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात 'अ' वर्गात मोडतात. ती विक्रीसाठी नसली तरी विनापरवाना एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येतात, आणि तीही घट्ट बंद भांड्यांत. स्वस्त मिळाला म्हणून ड्रम आणून ठेवणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता दुकानदार बांधवांना दोन शब्द. मोठ्या डब्यातून सुटा माल बाटलीत ओतून द्यायचा, त्यावर ना नाव ना तारीख, ही पद्धत बंद झाली पाहिजे. कोणी म्हणेल, गिऱ्हाईकच पाव लिटर मागते, त्याला पाच लिटरचा डबा कसा द्यायचा? अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय दोन. पहिला, सुटे द्यावेच लागले तर बाटलीवर कंपनी, बॅच नंबर, तयार झाल्याची तारीख आणि डबा उघडल्याची तारीख या चार गोष्टी लिहून द्याव्यात. दुसरा, कंपनीकडे लहान सीलबंद डब्यांचा आग्रह धरावा. चार-पाच कारखानदारांनी मिळून अशा लहान डब्यांची पेटी मागवली आणि डबे सीलबंदच वाटून घेतले तर भावही बरा पडतो आणि माल कोणाकडेच शिळा होत नाही.

मुदत सरत आलेला माल विकूच नये असे आम्ही म्हणत नाही. तो तसे सांगून, भाव कमी करून विकावा. न सांगता 'खास सूट' म्हणून गळ्यात मारणे हा व्यापार नव्हे. त्या बाटलीमागे एखाद्या कारागिराचा मोल्ड आणि ठरल्या तारखेला द्यायची ऑर्डर असते. पाव लिटरवर मिळालेला नफा त्या नुकसानीपुढे काहीच नाही, आणि असा गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

कारागिरांनीही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुना डबा असेल तर आधी काचेच्या तुकड्यावर लावून पाहावा. वाळल्यावर अर्ध्या लावलेल्या आणि अर्ध्या कोऱ्या भागावर मास्किंग टेप चिकटवून ओढावी. दोन्हीकडे ती सारखीच घट्ट बसत असेल तर तो एजंट मोल्डच्या लायकीचा राहिलेला नाही. मग थोडे रेझिन टाकून ते सुटते का हेही पाहावे. या चाचणीला एक दिवस लागेल, मोल्ड पुन्हा बनवायला महिना लागतो.

नगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, उन्हाळा मात्र तोच आहे आणि पत्रेही तसेच तापतात. येत्या उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक कारखानदाराने एक सकाळ काढून आपली फळी तपासावी. ज्या डब्यावर तारीख नाही आणि ज्याची चाचणी झाली नाही, तो मोल्डपर्यंत जाऊ देऊ नये. दुकानात पुढचा डबा घेताना भावाच्या आधी तारीख विचारावी. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदारही लिहू लागतील.