बाकी उरलेले बारा सैनिक

११२८ सैनिकांना तळावर पोहोचवायचे आहे आणि एका बसगाडीत ३६ जण बसतात, तर एकंदर किती गाड्या लागतील, असे एक उदाहरण अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या आरंभी झालेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना घालण्यात आले होते. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. परंतु ३२ हे योग्य उत्तर केवळ २३ टक्क्यांनी दिले, आणि २९ टक्क्यांनी तर ‘एकतीस, बाकी बारा’ असे लिहून लेखणी खाली ठेवली. ते बारा सैनिक रस्त्यावरच उभे राहिले आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही, यात त्यांच्या बुद्धीचा दोष मला दिसत नाही. शाब्दिक उदाहरणातील शब्द बाजूला सारावयाचे आणि आकडे तेवढे उचलावयाचे, ही शिकवण त्यांना शाळेनेच वर्षानुवर्षे दिलेली होती.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीपेक्षा आकलनावर भर दिल्यापासून आपल्याकडेही जीवनाशी निगडित गणिताचा आग्रह धरला जातो, आणि तो मनःपूर्वक स्वागतार्ह आहे. मात्र आंब्यांच्या जागी मोबाइल आणि हौदाच्या जागी जलतरण तलाव घातल्याने उदाहरण जीवनाशी निगडित होत नाही. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी उदाहरण रचणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या उदाहरणातील वास्तवाला उत्तरावर हरकत घेण्याचा अधिकार आहे काय?

आपल्या एस.टी.चे भाडे टप्प्यांवर आकारले जाते आणि सहा किलोमीटरांचा एक टप्पा धरला जातो, ही गोष्ट खेड्यातून तालुक्याच्या शाळेत येणाऱ्या मुलाला पाठ असते. चाळीस किलोमीटरांना सहाने भागून येणारे सहा पूर्णांक दोन तृतीयांश हे उत्तर वाहकाच्या हिशेबी चालत नाही. तो सात टप्प्यांचे पैसे घेतो. मग सदतीस किलोमीटरांना आणि बेचाळीस किलोमीटरांना भाडे एकच का, असे मुले आपण होऊन विचारतात, आणि आलेख काढून पाहतात तेव्हा सरळ रेषेऐवजी जिन्याच्या पायऱ्या उमटतात.

याहून समृद्ध सामग्री प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी, सातबाराच्या उताऱ्यात, दुमडून ठेवलेली असते. समजा, उताऱ्यावर एक हेक्टर वीस आर क्षेत्र नोंदलेले आहे आणि त्यापैकी पंधरा आर पोटखराब आहे. तर बियाण्याचा हिशेब कोणत्या आकड्यावर करावयाचा, हे पुस्तक सांगत नाही, नमुन्याचे रकाने नीट वाचूनच ते कळते. शिवाय आजोबा एकर-गुंठ्यांत बोलतात आणि दप्तर हेक्टर-आरमध्ये. तेहेतीस फूट लांब व तितकाच रुंद, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा, एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरांचा आणि आर बरोबर शंभराचा, म्हणून गावात दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. ते चुकते काय? आठवीच्या वर्गात या प्रश्नावर एक अख्खी तासिका खर्ची पडली तरी ती सत्कारणी लागली असे मी म्हणेन. कारण एकरामागे पडणारा सुमारे ४७ चौरस मीटरांचा फरक पेरणीच्या हिशेबात नगण्य ठरतो, परंतु तीच जमीन शहराच्या हद्दीत येऊन तिचे भूखंड पडू लागले, की तेवढ्या जागेत एका कुटुंबाचे घर उभे राहते. अंदाज कोठे पुरतो आणि कोठे पुरत नाही, याचा विवेक दशांश चिन्हाच्या नियमांतून येत नाही.

वास्तव म्हणजे केवळ बाजारहाट व जमीनजुमला, असे मात्र मी मानीत नाही. वाऱ्याने मोडलेला बत्तीस हात उंचीचा वेळू, ज्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर टेकले आहे, भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लीलावतीत घातला, तेव्हा तो कोणी मोजून आणला नव्हता. तरीही तो डोळ्यांपुढे उभा राहतो आणि काटकोन त्रिकोण आपोआप दिसू लागतो. हॉलंडमध्ये हान्स फ्रॉइडेन्थाल यांच्या प्रेरणेने वाढलेल्या वास्तवाधिष्ठित गणितशिक्षणाच्या विचारातही हेच अभिप्रेत आहे, की प्रसंग मुलाला मनात रंगविता आला पाहिजे.

अशी उदाहरणे रचावयास वेळ लागतो, आणि शिक्षकांचा वेळ आज नाना प्रकारच्या माहितीचे तक्ते भरण्यात जातो. तो त्यांना परत मिळाला पाहिजे. प्रत्येक सत्रात निदान एक उदाहरण असे असावे, की ज्यात माहिती अधिक किंवा अपुरी आहे आणि ते ओळखणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतात. उत्तरपत्रिका तपासण्याच्या सूचनांतही भागाकाराच्या गुणांखाली आणखी एक ओळ छापली जावी: उरलेल्या बारा जणांची सोय विद्यार्थ्याने कशी लावली, यास स्वतंत्र गुण.