मोटारसायकल आमची, पाना कुणाचा?



कापूस-ज्वारीच्या मुलखात आज बैलजोडी नसलेली घरे पुष्कळ सापडतील. मोटारसायकल नसलेले घर शोधावे लागेल. बियाण्याची पिशवी तिच्यावर येते, फवारणीचा पंप तिच्यावर जातो. दुधाची कॅन, कडब्याच्या पेंढ्या, तहसिलीतले खेटे, सगळे तिच्याच पाठीवर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा माणसाला शिवारातून उचलायचे तर पहिले धावते ते मोटारसायकलचे चाक. मोटारसायकल म्हणजे पोरांची हौस, असे ज्या शहाण्यांना वाटते त्यांनी एक हंगाम कोरडवाहू गावात काढावा. ती आमचे औत आहे. आणि जे औत रस्त्यात मोडले तर आम्हाला जोडता येत नाही, ते औत खरोखर आमचे आहे का, हा आमचा सवाल आहे.

बैलगाडीच्या साट्याखाली वंगणाचा डबा टांगलेला असे. जास्तीचा दोर गाडीत असे. कुऱ्हाड असे. गाडी कुठे अडेल हे गाडीवानाला ठाऊक होते आणि अडली तर काय करायचे हेही ठाऊक होते. मोठे काम सुतार-लोहाराचे, पण घरापर्यंत गाडी आणण्याचे काम गाडीवानाचे. मोटारसायकल आली आणि हा हिशेब उलटा झाला. लाखाच्या आसपास पैसे मोजून यंत्र घरी येते, आणि बाभळीच्या काट्याने ते माळावर बसले की मालक शेजारी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करतो.

सीटखालची किंवा बाजूच्या झाकणामागची पिशवी उघडून पाहा. एक प्लग पाना, पत्र्यासारखे दोन पाने, उलटसुलट करायचा एक स्क्रू ड्रायव्हर. एवढ्यावर मागचे चाक निघते का, घरी करून पाहा. काही गाड्यांत तेवढेही नाही. विचारले तर शोरूमवाला सांगतो, "काका, तुम्हाला काय करायचे आहे? सर्व्हिस सेंटर आहे ना." सर्व्हिस सेंटर आहे, पण ते तालुक्याला आहे. वाफसा शिवारात आहे. वाफसा सर्व्हिस सेंटरच्या वेळेप्रमाणे थांबत नाही. पेरणीचा एक दिवस गेला तर तो कोणत्या वॉरंटीत भरून मिळतो?

आम्ही यंत्राचे वैरी नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आले. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. पण त्याच सुमारास काही मॉडेलांतून किकही गेली. बॅटरी उतरली की गाडी मुकी. मीटरवर पिवळा दिवा लागतो. बिघाड कुठे आहे हे गाडीला कळलेले असते, पण ती ते मालकाला सांगत नाही. कंपनीच्या यंत्राला सांगते. गावच्या मेकॅनिकने वीस वर्षे घासून मिळवलेले ज्ञान त्या दिव्यापुढे फुकट. धूर कमी करायला किक काढावी लागते का? बिघाडाचा आकडा लपवावा लागतो का? नियमाच्या आडून दुकान बंदिस्त करण्याचा हा प्रकार आहे. १९९१ पूर्वी स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. आता गाडी त्याच दिवशी मिळते, रांग दुरुस्तीच्या दारात लागते. परमिट राज गेले नाही, त्याने फक्त जागा बदलली.

यावर कायदा अगदी मुका आहे असेही नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, बाहेरच्या मेकॅनिकला माहिती देत नाहीत, हा ठपका होता. बाहेर काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. पुढे दंडावर अपिले झाली. शिवाय तो निकाल चारचाकीचा. पण चारचाकीवाल्याला जो न्याय, तो दुचाकीवाल्या शेतकऱ्याला का नको? केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. त्यात शेतीची अवजारेही आहेत आणि वाहनेही. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि पोर्टलने चाक निघत नाही.

कराचा न्याय पाहा. विळा, फावडे, कुदळ, कुऱ्हाड यांवर जीएसटी नाही, कारण ती शेतीची अवजारे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गाडी खपावी म्हणून सूट मिळाली. आणि गाडी चालती ठेवणारा पाना? त्यावर १८ टक्के होते, १८ टक्केच राहिले. सरकारच्या लेखी शेतकऱ्याचे अवजार अजून कुदळीपुढे सरकलेले नाही.

सरकार आणि कंपनी सुधारेपर्यंत वाट पाहायची काय? नाही. आपल्या हातातले आपण आजच करू शकतो.

पाने विकत घेण्याआधी एक काम करा. रिकाम्या दिवशी अंगणात गाडी मेन स्टँडवर लावा. दोन्ही चाके काढा आणि परत बसवा. प्लग काढा, चेन ताणा, बॅटरीचे टर्मिनल सोडवा. ज्या ज्या पान्याला हात लागला तो पिशवीत टाका. ज्याला लागला नाही तो घरी ठेवा. दुसऱ्याच्या यादीवर जाऊ नका, आपल्या गाडीचे नट मोजा. पान्यावर मिलिमीटरचा आकडा असतो. स्वस्तातला चकचकीत पाना पहिल्याच घट्ट नटाला पसरतो आणि नट गोल करून ठेवतो. मग चांगला पानाही चालत नाही. ॲडजस्टेबल पान्यावरही विसंबू नका. चार पाने घ्या, पण कडक घ्या.

बाकी यादी मोठी नाही. पक्कड. दोन्ही तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर. प्लग पाना आणि एक नवा प्लग. टायर काढायच्या दोन पट्ट्या, हवेचा छोटा हातपंप, ठिगळे आणि सोल्यूशन. एक ट्यूब, टायरवर २.७५-१८ असा आकडा असतो, तोच पाहून घ्या. दोन्ही चाके १८ इंची आणि टायर एका मापाचे असतील तर एकच ट्यूब दोन्हींना पुरते. ट्यूबलेस असेल तर सूजा आणि रबरी वाती. चेनचे एक लॉक. क्लच वायर, ती पिशवीतही नको, जुन्या वायरीच्या बाजूने आताच ओवून चिकटपट्टीने बांधून ठेवा. जुनी तुटली की टोके बदलली, काम झाले. दोन फ्यूज, हातभर बांधायची तार, काचकागदाचा तुकडा आणि टॉर्च. हे सगळे जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळा, म्हणजे खडखडणार नाही आणि गंजणार नाही.

पंक्चर काढताना ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवा. बाभळीचा काटा, पऱ्हाटीचे खुंट आत मोडून बसते आणि नवी ट्यूबही फाडते. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते. ती काढायला लोखंडी पट्टी जवळ ठेवा. नवी इंजेक्शनची गाडी अचानक बंद पडली तर ढकलण्याआधी फ्यूज आणि बॅटरीचे टर्मिनल पाहा. ते पाहायला कंपनीची परवानगी लागत नाही.

ही विद्या गावातल्या पोरांपुरती ठेवू नका. ज्या मायबहिणी गाडी चालवतात त्यांनाही पाना धरायला शिकवा. रात्रीच्या रस्त्यावर चालू गाडीइतका सोबती दुसरा नाही.

या जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवत आहोत. ज्या पान्यांनी दोन्ही चाके निघतील असे पाने प्रत्येक नव्या गाडीबरोबर मिळालेच पाहिजेत. किक ठेवलीच पाहिजे. बिघाडाचे आकडे आणि दुरुस्तीचे पुस्तक मराठीत आणि खुले असले पाहिजे. सुटे भाग तालुक्याच्या कोणत्याही दुकानात विकायला मोकळीक पाहिजे. यांत एकही मागणी फुकट काही मागत नाही. विकत घेतलेली वस्तू पुरती आपली व्हावी, एवढेच हे मागणे आहे.

ठराव मंजूर करण्यासाठी हात वर होतील तेव्हा त्या हातांना थोडे ग्रीस लागलेले असू द्या.